वैतरणामार्गे व्हेनिस

"काकी, तुम्ही इटली नका करू. तुम्ही चारधाम करा," असं ती टूर कंपनीतली पोरगी गोड हसून म्हणाली, आणि उषाने समोरचं गुळगुळीत रंगीत माहितीपुस्तक मिटून आपल्या पर्समध्ये कोंबलं. ते फुकट होतं म्हणून ठीक. विकतचं असतं तर तिथेच तिच्या टेबलावर आपटलं असतं.

साठी ओलांडलेल्या बाईला हे जग दोनच ठिकाणी पाठवतं. एक देवाच्या दारी, दुसरं सुनेच्या बाळंतपणाला. तिसरं ठिकाण मागितलं की लोक आधी तिच्या गुडघ्याकडे बघतात. त्या पोरीनेही तेच केलं. उषा खुर्चीतून उठताना गुडघा 'कट्' वाजला, आणि तेवढ्या एका आवाजावर रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस तिच्या हातातून गेले. "रोज पंधरा हजार पावलं असतात, काकी. मग ग्रुपला थांबायला लागतं," पोरगी म्हणाली. उषाचं वय एकसष्ट. बोईसरच्या तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय छत्तीस वर्षं पाण्याच्या कळश्या चढवल्या, तेव्हा कोणता ग्रुप थांबला होता तिच्यासाठी?

इटलीच का, असंही लोक विचारतात. पुरुष थायलंडला जातात तेव्हा कोणी विचारत नाही. तरी सांगते. उषाच्या गॅसच्या ओट्यावर एका रंगाच्या कारखान्याचं जुनं कॅलेंडर आहे. बारा महिन्यांची बारा चित्रं, सगळी इटलीची. पंचवीस वर्षांपूर्वी एप्रिल आला आणि तिने पान उलटलंच नाही, कारण मार्चमध्ये व्हेनिस होतं. पाण्यातला रस्ता, काळी होडी, दगडी पूल. फोडणीच्या धुराने पूल पिवळा पडला, होडी तेलकट झाली, पण मार्च काही हलला नाही.

तिचे यजमान भगवंत राऊत म्हणजे वेगळंच प्रकरण. तारापूर एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत एकतीस वर्षं सेफ्टी सुपरवायझर. ज्या गोष्टीचं मॉक ड्रिल झालेलं नाही ती गोष्ट घडूच नये, असं त्यांचं मत. वायुगळतीचा भोंगा झाला की ओला रुमाल नाकाला लावायचा, वारा बघायचा आणि वाऱ्याला आडवं पळायचं, हे त्यांनी हजारो कामगारांना शिकवलं आणि स्वतःच्या मुलाच्या लग्नातही शिकवलं. मंगलाष्टकांच्या आधी माइक घेऊन त्यांनी पाहुण्यांना सांगितलं होतं, "आग लागल्यास सर्वांनी वडाच्या झाडाखाली जमायचं आहे." व्याही अजून बोलतात त्यावर.

टूरवाल्यांनी नाकारल्यावर उषा म्हणाली, "आपण आपले जाऊ." भगवंतरावांनी कंपनीचं जुनं रजिस्टर काढलं आणि दोन महिने मोबाइलवर व्हिडिओ बघून त्यात सूचना उतरवल्या. चर्चमध्ये खांदे व गुडघे झाकलेले असावेत. बॅग एकच, आठ किलोची, कारण व्हेनिसच्या पुलांना पायऱ्या आहेत व हमाल नाहीत. कागदी तिकीट गाडीत चढण्यापूर्वी यंत्रात घालून ठसा उमटवावा, अन्यथा दंड. कॉफी उभ्याने प्यावी, बसल्यास दर वाढतो. ऐतिहासिक पायऱ्यांवर बसू नये, अन्यथा दंड. रस्त्यावरच्या नळाचं पाणी फुकट व गोड, बाटली न्यावी. रोमच्या कारंज्याकडे पाठ करून नाणं टाकल्यास माणूस रोमला परत येतो. ह्या शेवटच्या सूचनेपुढे त्यांनी 'खात्री नाही' असं लिहून सही केली होती.

सोसायटीचे सेक्रेटरी कमलेशभाई एकदा दुबईच्या विमानतळावर नऊ तास अडकले होते, म्हणून परदेशाबद्दल शेवटचा शब्द त्यांचा. "भगवंतराव, सगळं लिहिलंत, मेन गोष्ट राहिली. तिथे संडासात पाणी नसतं. कागद असतो! तांब्या घेऊन जा. प्लास्टिकचा नको, मोडतो. तांब्याचा घ्या, छोटा." बेचाळिसावी सूचना: तांब्या.

पुण्याहून मुलगा स्वराजने फोनवर एकच धोशा लावला. "आई, तुझा गुडघा, बाबांचं बीपी. तिकडे कोण आहे तुमचं? त्यापेक्षा आपण सगळे महाबळेश्वरला जाऊ. स्ट्रॉबेरी खाऊ."

"स्ट्रॉबेरी आता बोईसर स्टेशनबाहेर पन मिळते," उषा म्हणाली. तिचं माहेर जवळच्या किनाऱ्यावरचं नवापूर. राग आला की माहेरची भाषा वर येते.

मग भगवंतरावांनी निवाडा दिला. एक दिवस, तीन शहरं, पूर्ण मॉक ड्रिल. बॅगा घेऊन, नियम पाळून. जमलं तर सोमवारी तिकिटं काढायची. नाही जमलं तर महाबळेश्वर, आणि ओट्यावरचं कॅलेंडर उतरवायचं.

"कॅलेंडर?" उषाने विचारलं.

"उतरवायचं. आणि परत इटलीचं नाव नाही."

उषाने कॅलेंडरकडे पाहिलं. "लिवा. मी सही करते."

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी दोघं खाली उतरली. उषाने खांदे झाकायला पांढरी ओढणी घेतली होती. दोन्ही बॅगांना भगवंतरावांनी चिठ्ठ्या बांधल्या होत्या: 'आणीबाणीत संपर्क: मुलगा स्वराज', खाली नंबर. बॅगेच्या कडीला तांब्या लटकत होता. सहज म्हणून सांगितलं, तांब्या, पांढरं वस्त्र आणि मुलाचा नंबर. पुढे जे झालं त्यात ह्या तिन्ही वस्तूंचा हात आहे.

रिक्षा मिळाली ती झुंबरची. झुंबर बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याकडचा, महिन्यापूर्वीच इकडे आलेला. आठवडाभर कारखान्यात पाळी, रविवारी मित्राची रिक्षा. शिरगावच्या किल्ल्यावर जाऊन पुढे पालघर स्टेशनला सोडायचं, असं ठरलं. शिरगावचा किल्ला म्हणजे रोम. जुन्या भिंती आहेत, पडलेल्या आहेत, आणखी काय पाहिजे?

वाटेत उजळणी सुरू झाली.

"एकच बॅग," भगवंतराव म्हणाले. "वर चढताना कोणी हात द्यायला येणार नाही."

"माहीत हाय. जे काय करायचं ते आपलं आपन."

"दारातच अडवतात. अंग झाकलेलं नसेल तर आत घेत नाहीत."

"म्हणून तर पांढरी ओढणी घेतली."

झुंबरने आरशातून मागे पाहिलं.

"स्वराजला कळवलंत का?" उषाने विचारलं.

"नाही. अडवेल तो. पोचल्यावर कळेलच."

"रडेल."

"रडू दे. दोन दिवस रडेल आणि कामाला लागेल."

रिक्षा जरा हेलकावली. उषा म्हणाली, "बाबा, खड्डा बघ."

किल्ल्यापाशी झुंबर उन्हात थांबला आणि लांबून बघत राहिला. त्याला काय दिसलं ते ऐका. म्हातारा दगडांवरून चाकांची बॅग ओढतोय. चाक तुटतं. म्हातारा बॅग खांद्यावर घेतो. मग दोघं पुळणीवर जातात, समुद्राकडे पाठ करतात, आणि खांद्यावरून मागे पाण्यात नाणं टाकतात. बाई डोळे मिटून हात जोडते. (नाणं पडलं की इच्छा मागायची असते, असं उषाने स्वतःच ठरवलं होतं. रोममध्ये तसं नसेल तर रोमने शिकून घ्यावं.)

रजिस्टरमध्ये नोंद झाली: 'रोम. उषा: बॅग उचलली, गुडघा तीनदा वाजला, चालली. भगवंत: चाक निकामी.'

पालघरला फ्लॉरेन्ससाठी सरकारी कचेरीच्या रुंद पायऱ्या धरल्या होत्या. रविवार, दारं बंद. हेही फ्लॉरेन्ससारखंच, तिकडे संग्रहालयं सोमवारी बंद असतात. टपरीवर दोघांनी उभ्याने चहा घेतला. टपरीवाला दोनदा बाकडं पुसून म्हणाला, "बसा ना काका." काका म्हणाले, "बसलं की दर वाढतो." टपरीवाल्याला ते लागलं. "आमच्यात नाय तसं," तो म्हणाला आणि त्याने बाकडं तिसऱ्यांदा पुसलं. मग भगवंतरावांना घेरी आल्यासारखं झालं आणि ते ऐतिहासिक पायऱ्यांवर बसले. उषा बसली नाही. खांद्यावर आठ किलो घेऊन ती उभी राहिली आणि म्हणाली, "दंड लिवा."

त्यांनी लिहिला. प्रामाणिक माणूस, ते मान्य करावं लागतं.

स्टेशनवर उषाने चिकूंचा डबा झुंबरच्या हातात दिला. घरचं खाणं विमानतळावर काढून घेतात, हीसुद्धा एक सूचना होती. "हे तूच खा, बाबा. आमाला तिकडे न्यायचं नाय. आता वैतरणा पार केली की सुटलो."

झुंबरने डबा रिक्षात ठेवला. "मावशे," तो म्हणाला, "तुमाला लेकरू हाये का?"

"हाय की. पुण्यात. नंबर बॅगेवर हाय, तोच." आणि ती घाईने फलाटाकडे गेली, कारण भगवंतराव तिकीट तपासनिसाला विचारत होते की ठसा उमटवण्याचं यंत्र कुठे आहे, आणि तपासनीस त्यांच्याकडे बघून हळूहळू मागे सरकत होता.

आता पालघर तालुक्यात वैतरणा म्हणजे खाडी. तिच्यावर स्टेशन आहे, पूल आहे, होड्या आहेत. पण पाटोद्याच्या माणसाला वैतरणा एकच माहीत. मेल्यावर लागते ती. गाईचं शेपूट धरून पार करतात ती. पांढरं वस्त्र, तांब्या, पाण्यात नाणं, आपलं आपणच, आत घेत नाहीत, मुलाला सांगायचं नाही, आणि वर वैतरणा पार. झुंबरने रिक्षा तिथेच सोडली, बॅगेवरचा नंबर त्याने सामान उतरवताना पाठ केला होता तो फिरवला, आणि त्याच गाडीच्या शेवटच्या डब्यात चढला.

वैतरण्याला खाडीपलीकडच्या बेटावरच्या गावाची होडी लागलेली होती. होडीवाला रामनाथ, चार बायका, पिठाचे डबे, एक गॅसची टाकी. ओहोटी लागली होती. उषा चढली. बॅग मांडीवर. पाण्यातला रस्ता, समोर होडीचं काळं टोक, बाजूला रेल्वेचा पूल. दगडी नव्हता, लोखंडी होता, पण पूल तो पूल. क्षणभर तिला ओट्यावरच्या धुराचा वाससुद्धा आला.

होडी धक्क्यापासून सुटली आणि झुंबर धावत आला. "मावशेऽऽ! आसं करू नगा! जीव लई मोलाचा हाये!" म्हणत त्याने धक्क्यावरून जी उडी मारली ती थेट होडीत. होडी कलली, भेलकांडली आणि बाजूच्या गाळात जाऊन रुतली.

"आरं मेल्या, बुडवतो का काय!" रामनाथ ओरडला.

"ह्यांना आडवा! हे वैतरणा पार करायला निघालेत!"

"मग? मी पन वैतरणा पार करतो. दिवसातून बारा वेला!"

"आमी दलनाला जातो वैतरणा पार करून," एक बाई म्हणाली. "आज चौथ्यांदा मेली बघ मी."

होडीत हशा झाला. पण भगवंतराव हसले नाहीत. एकतीस वर्षांत त्यांना खरा प्रसंग मिळाला नव्हता. ते होडीत ताठ उभे राहिले आणि गरजले, "कोणीही हलू नये! मोजणी होईल! एक, दोन..." तीनच्या आत ते गाळात होते. मांडीपर्यंत. झुंबर त्यांना वाचवायला उतरला, तो कमरेपर्यंत. दोघंही जेवढे झटके देत तेवढे खाली जात.

"हलू नका, मेल्यांनो!" उषा म्हणाली. तिने पदर खोचला, साडी गुडघ्याच्या वर घेतली (व्हेनिसमध्ये चालत नाही, वैतरण्यात चालतं), बॅग डोक्यावर ठेवली आणि गाळात उतरली. लहानपणी नवापूरच्या खाडीत ती निवट्या धरायला जायची. निवटी म्हणजे चिखलात उड्या मारणारा मासा. त्याच्यामागे धावायचं तर चिखल कसा तुडवायचा ते कळावं लागतं. "पाय उपटायचा नाय. टाच फिरवायची. आशी. आनि थांबायचं नाय." गुडघा एकदाही वाजला नाही. चिखलात आवाज येत नसेलही, पण रजिस्टरला त्याच्याशी काय?

तिने आधी नवऱ्याला काढलं, मग झुंबरला. झुंबर चिखलात बसून रडायला लागला. "मावशे, म्या तुमच्या लेकराला फोन केला."

"काय सांगितलंस?"

"म्हनलं, आई-बाप वैतरणा पार करायला निघालेत, लवकर या."

भगवंतरावांनी फोन काढला. फोनमधून चिखल निघाला.

बोईसरला परत यायला चार वाजले. सोसायटीच्या फाटकात अख्खी सोसायटी उभी. खुर्च्या मांडलेल्या. एक पोलीस हवालदार वही घेऊन बसलेला. चिखलाने माखलेली तिघं रिक्षातून उतरली आणि कोणीतरी किंचाळलं.

कमलेशभाई पुढे झाले. "भाभी! तुम्ही... म्हणजे... स्वराजचा फोन आला, तो रडत होता, तुमचे दोघांचे फोन बंद. मला वाटलं ग्रुपवर कळवायला हवं."

"काय कळवलंत?"

त्यांनी मोबाइल लपवला. उषाने तो हातातून घेतला. भगवंतरावांच्या फोटोशेजारी तिचा फोटो, हळदीकुंकवातला, एक डोळा मिटलेला. वर हार. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. त्याखाली त्रेचाळीस जणांचे जोडलेले हात, आणि शब्द. ती वाचत गेली, मोठ्याने.

"'अतिशय सोशिक बाई.' कोण ही? तळमजल्यावरची? 'कधी वर आवाज केला नाही.' 'घर एके घर. कधी कुठे गेल्या नाहीत.'" ती थांबली. तेच परत वाचलं. "कधी कुठे गेल्या नाहीत. हे बरं म्हणून लिवलंय?"

कमलेशभाईंनी मोबाइल परत घ्यायला हात पुढे केला.

"छत्तीस वर्षं हितं राहते. तुमच्या पोरांना ताप आला तेवा मी बसले. तुमच्या नळाच्या भांडणात मी ओरडले, पार रस्त्यावर ऐकू गेलं. आनि मेल्यावर माझी एवढीच नोंद? सोशिक! कुठं गेली नाय! आनि फोटो पन डोळा मिटलेला. मी जिवंत हाय म्हनून सांगते, खरी मेले असते तर तुमी हेच छापलं असतं."

हवालदार खाकरला. "काकी, तक्रार आली आहे, तर जबाब लागेल. दोन ज्येष्ठ नागरिक घर सोडून निघून गेले. कुठे निघाला होतात?"

"इटलीला."

"वैतरण्याहून?"

"सराव होता."

त्याने पेन टेकवून ठेवलं. "असं लिहिता येत नाही हो. कारण काय टाकू? घरगुती वाद? मुलाचा त्रास?"

"कारण टाका, हौस."

"हौस हे कारण नसतं, काकी."

"नसतं ना? मग आता टाका. लिवा तुमी. मी, उषा भगवंत राऊत, जिवंत असून माझ्या हौसेने, माझ्या पायांनी गेले होते आनि परत आले. पुन्हा जानार हाय." तिने चिखलाच्या बोटांनी सही केली. कागदावर सहीपेक्षा वैतरणाच जास्त उमटली.

संध्याकाळी स्वराज पुण्याहून गाडी हाणत आला. आईला मिठी मारून आधी रडला, मग अपेक्षेप्रमाणे रागावला. "बस झालं. उद्या दोघं माझ्याबरोबर पुण्याला. काही झालं असतं तर?"

उषाने त्याला ओट्यापाशी नेलं. कमलेशभाईंकडून मागवून घेतलेली श्रद्धांजली त्याच्यापुढे धरली. त्याने वाचली. शेवटी पोचला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की तिथे त्याच्या बायकोनेही लिहिलं होतं आणि त्याने स्वतःही, रस्त्यात, पेट्रोल भरताना: 'आईने स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही.'

"मागितलं नाय?" उषा म्हणाली. "मागितलं की. तू स्ट्रॉबेरी देत होतास."

स्वराजने ओट्यावरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "तिकिटं मी काढू?"

"नको. तू कुंड्यांना पानी घाल येऊन."

राहिला रजिस्टरचा निकाल. भगवंतरावांनी आंघोळ केली, चष्मा लावला आणि शिस्तीत लिहिलं: 'उषा: तिन्ही शहरं उत्तीर्ण. भगवंत: चाक, पायऱ्यांवर बसणे, गाळ. अनुत्तीर्ण.' मग त्यांनी पेन बंद केलं आणि मान वर न करता म्हणाले, "नियम नियम आहे. तू जा."

एवढा मोठा माणूस, चिखल अजून कानात, आणि डोळे रजिस्टरवर. उषाने ते त्यांच्या हातातून ओढून घेतलं आणि खाली लिहिलं: 'नापास झालेल्याला परत बसता येतं. पुढचा रविवार, शिरगाव. बॅग बिनचाकाची.' सही.

ते तिसऱ्या खेपेला पास झाले. काठावर. दोघांचा व्हिसा आला, तोही अर्ज एकदा परत येऊन, कारण अर्जात 'यापूर्वीचे प्रवास' ह्या रकान्यात भगवंतरावांनी खरं ते लिहिलं होतं: 'व्हेनिस, वैतरणामार्गे (सराव)'.

मेमधल्या एका सकाळी दोन बॅगा आणि एक तांब्या घेऊन दोघं खाली उतरली. सगळी सोसायटी फाटकात, पण जरा लांब उभी. स्टेशनला न्यायला झुंबरच आला होता, सांगून बोलावलेला. त्याने बॅगा उचलल्या, रिक्षात ठेवल्या, तांब्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं.

"मावशे, परत कवा?"

उषाने बोटांवर मोजलं. जाणं, येणं, रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिसमध्ये पूर्ण चार दिवस. मग फाटकाकडे वळून, शेवटच्या खिडकीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"तेराव्याला! आनि कमलेशभाई, त्या दिवशी कोनी घरी चूल पेटवू नका. गोडाचं जेवन मी घालते!"